दवाखान्याचे दार सर्वांसाठी
(अंध व कर्णबधिर बांधवांच्या आरोग्यसेवेविषयी एक अभ्यास)

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह विहारातील निवासस्थाने पाहत फिरत असता त्याच्यापाशी आले. त्यांनी प्रथम त्यालाच विचारले, तुला काय होते आहे आणि तुझी सेवा करणारा कोणी आहे काय? कोणी नाही, असे कळल्यावर त्यांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि डोक्याकडून व पायाकडून धरून मंचकावर निजविले. नंतर त्यांनी संघाला एकत्र बोलावून उपदेश केला, की घर सोडून आलेल्या भिक्खूंना येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर ती कोण करणार?

हा प्रसंग आपण सर्वांनी प्रवचनांतून ऐकलेला आहे. त्यापुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे आणि चांगल्या रुग्णाचे गुण सांगितले आहेत. शुश्रूषा करणाऱ्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, त्याच्या मनात लोभ नसून मैत्री असावी, त्याने किळस करू नये आणि रुग्णाला धीर देणारे धम्माचे शब्द त्याला बोलता यावेत. रुग्णाच्या गुणांपैकी एक असा, की त्याने आपला आजार जसा आहे तसा सांगावा. वाढला तर वाढला, उतरला तर उतरला.

येथेच आमच्या विषयाचा प्रारंभ होतो. रुग्णाने आजार सांगावा, हे खरे. पण त्याला ऐकू येत नसेल, त्याची भाषा हातांची असेल आणि समोरच्याला ती येत नसेल, तर त्याने काय करावे? धीराचे शब्द बोलावेत, हेही खरे. पण ते शब्द ज्याच्या कानी पोहोचतच नाहीत त्याला धीर कसा द्यावा?

१. आमचीच चूक

दुसऱ्याचे दोष दाखविण्यापूर्वी आपल्या घरातील दोष पाहावा, हे बरे. काही वर्षांपूर्वी बुद्धजयंतीच्या निमित्ताने आम्ही कार्यकर्त्यांनी आरोग्य तपासणी शिबिर घेतले. मांडव घातला, डॉक्टर आणले, रक्तदाब व साखर तपासण्याची सोय केली. नाव नोंदवून घ्यायचे आणि ध्वनिक्षेपकावरून क्रमांक पुकारायचा, अशी व्यवस्था होती. दुपारी शिबिर आटोपले तेव्हा शेवटच्या खुर्चीवर एक तरुण भगिनी हातात चिठ्ठी धरून बसलेली दिसली. ती कर्णबधिर होती. तिचा क्रमांक तीन वेळा पुकारून पुढे ढकलला गेला होता. सकाळपासून ती माणसांचे चेहरे पाहत बसली होती. डॉक्टर निघून गेले होते. आम्ही तिला पुढच्या वर्षी ये, असे हाताने सांगितले आणि सतरंज्या गुंडाळू लागलो.

पुढे तीच भगिनी बाळंतपणासाठी एका रुग्णालयात दाखल झाली. मूल जन्मल्यावर त्याला श्वासाचा त्रास होता म्हणून काचेच्या पेटीत ठेवण्यासाठी दुसऱ्या विभागात नेले. सासूबाईंना सांगितले, नवऱ्याची सही घेतली. जिचे मूल तिला मात्र कोणी काही सांगितले नाही. आपले मूल गेले, अशी तिची समजूत झाली आणि एक संपूर्ण रात्र तिने त्या समजुतीत काढली. आम्ही त्या संध्याकाळी भेटायला गेलो होतो. खाटेच्या एका बाजूला उभे राहून आम्ही सासूबाईंशी बोललो, आणि ती आमच्या ओठांकडे पाहत होती. बाळ सुखरूप आहे हे कागदावर दोन शब्दांत लिहून दाखवावे, एवढेही आम्हांला सुचले नाही. दुसऱ्या दिवशी एका शिकाऊ परिचारिकेने तिला चाकाच्या खुर्चीतून नेऊन मूल दाखविले, तेव्हा तिचा हुंदका साऱ्या विभागाने ऐकला.

तिच्या दुःखाला तिचे बहिरेपण कारण नव्हते. भोवतालच्या आम्हां शहाण्यासुरत्या माणसांची बेफिकिरी कारण होती. हा लेख लिहिण्याचे कारणही तेच.

२. ही माणसे किती आणि कोण

२०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत दृष्टीचे अपंगत्व असलेल्या सुमारे ५० लाख, श्रवणाचे सुमारे ५१ लाख आणि वाचेचे सुमारे २० लाख व्यक्ती होत्या. वयोमानाने ज्यांना कमी दिसते वा कमी ऐकू येते आणि ज्यांनी कधी स्वतःला दिव्यांग म्हणवून घेतलेले नाही, असे वडीलधारे तर प्रत्येक घरात आहेत.

विद्यार्थ्यांनी काही शब्द नीट समजून घ्यावेत. अंध आणि अल्पदृष्टी हे दोन वेगळे प्रकार आहेत. अल्पदृष्टीच्या माणसाला मोठी अक्षरे व चांगला उजेड मिळाला तर बरेच वाचता येते. कर्णबधिराला 'मुका' म्हणणे चूक आहे; बहुतेकांचा आवाज शाबूत असतो, पण ऐकू न आल्यामुळे बोली शिकता येत नाही. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा आहे. ती मराठीची किंवा हिंदीची हातवाऱ्यांतील नक्कल नव्हे. त्यामुळे लिहून दाखविले की काम भागले, असे प्रत्येक वेळी होत नाही. ज्याला मराठी लिखाण कच्चे येते त्याला डॉक्टरांची लांबलचक चिठ्ठी परकीच वाटते. आणि ज्यांना दिसतही नाही व ऐकूही येत नाही अशा बधिरांध व्यक्तींशी तळहातावर स्पर्शाने संवाद करावा लागतो.

आपल्या समाजात अजूनही एक समजूत ऐकू येते, की हे मागल्या जन्मीचे भोग आहेत. बौद्धांच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्मावर आजच्या दैन्याचा बोजा टाकणारी उपपत्ती नाकारली आहे. अशा उपपत्तीमुळे समाज व शासन आपल्या जबाबदारीतून सुटतात, हा त्यांचा आक्षेप होता. गरोदरपणातील रुबेला, मेंदूज्वर, नवजात बाळाची तीव्र कावीळ, स्ट्रेप्टोमायसिनसारख्या काही इंजेक्शनांचे दुष्परिणाम, मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेह ही खरी कारणे आहेत. यांतील अनेक टाळता येतात किंवा वेळीच उपचार करता येतात. स्वतः बाबासाहेबांची दृष्टी अखेरच्या वर्षांत मधुमेहाने अधू झाली होती आणि त्याच काळात ते या ग्रंथाचे काम करीत होते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

३. कायदा आणि चवदार तळे

१९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक कायदा केला. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली आणि त्याला अनुसरून 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' तयार झाला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. त्याचे कलम २५ आरोग्याविषयी आहे. शासकीय आणि खाजगी अशा दोन्ही रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेश असावा आणि तपासणी व उपचारांत दिव्यांग व्यक्तींना प्राधान्य मिळावे, असे ते सांगते. संवाद या शब्दाच्या व्याख्येत ब्रेल, स्पर्श, मोठी अक्षरे, सांकेतिक भाषा, सोपी भाषा, वाचून दाखविणारा माणूस हे सर्व आले आहे. म्हणजे 'अडथळा' हा केवळ पायऱ्यांचा नसतो, भाषेचाही असतो, हे कायद्याने मानले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही राजीव रतुरी खटल्यात २०१७ साली सुगम्यतेविषयी निर्देश दिले, आणि ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सुगम्यतेची किमान मानके केवळ मार्गदर्शक न राहता बंधनकारक असली पाहिजेत, असे सांगितले.

कायदा चांगला आहे. पण कायदा झाला म्हणजे दार उघडले, असे होत नाही, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. कागदावर ते खुले होते, पण पाण्याला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्याच्या पायऱ्या उतरले, तेव्हा ते खऱ्या अर्थाने खुले होण्यास प्रारंभ झाला. कलम २५ हे आज त्या ठरावासारखे आहे. त्याच्या पायऱ्या उतरणे अजून बाकी आहे.

४. कर्णबधिर रुग्ण दवाखान्यात

अडचण केसपेपरच्या खिडकीपासून सुरू होते. जाळीमागून कारकून मान खाली घालून विचारतो. त्याचे ओठ दिसत नाहीत. पुढे नाव तोंडाने पुकारतात. यावर उपाय फारच स्वस्त आहेत. केसपेपरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत 'ऐकू येत नाही' अशी खूण करावी, क्रमांक फळीवर लिहावा किंवा दिव्यांच्या पाटीवर दाखवावा, आणि परिचारिकेने स्वतः जवळ जाऊन खांद्याला हलका स्पर्श करून बोलवावे.

डॉक्टरांनी रुग्णाकडे तोंड करून, चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसून बोलावे. ओरडू नये, ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो. वाक्ये लहान असावीत. २०२० च्या करोना काळात सर्वांच्या तोंडावर मुखपट्ट्या आल्या, तेव्हा ओठ वाचून समजून घेणाऱ्यांची वाटच बंद झाली होती. ओठ वाचणे हेही पूर्ण साधन नव्हे. 'प', 'ब' आणि 'म' ओठांवर सारखेच दिसतात, हे आरशासमोर बोलून कोणालाही पडताळता येईल.

काही बाबी अशा आहेत, की सांगितल्याशिवाय सुचत नाहीत. क्ष-किरण काढताना तंत्रज्ञ दुसऱ्या खोलीतून 'श्वास रोखा' म्हणतो, ते कर्णबधिराला कसे कळणार? हाताची किंवा दिव्याची खूण आधी ठरवून घ्यावी. एमआरआयच्या खोलीत श्रवणयंत्र काढावे लागते, म्हणून सर्व सूचना ते काढण्यापूर्वी द्याव्यात. ज्या हाताने रुग्ण खुणा करतो त्या हाताला सलाईन लावले, तर त्याची अर्धी वाचा बांधली जाते. शक्य असेल तेथे दुसरा हात घ्यावा. डोळे तपासताना खोलीत अंधार करतात. म्हणून पुढे काय करायचे ते उजेडातच समजावून द्यावे.

दुभाषाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुधा घरचेच कोणीतरी, पुष्कळदा आठ-दहा वर्षांचे मूल, आईबापांचे म्हणणे डॉक्टरांना सांगते. आईच्या गर्भाशयाचा आजार मुलाने सांगावा, हे मुलावरही ओझे आणि आईवरही अन्याय. शिवाय नातेवाईक गाळून सांगतात. शस्त्रक्रियेसाठी संमती घ्यायची ती रुग्णाची. सासूची किंवा नवऱ्याची सही ही तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. म्हणून प्रशिक्षित दुभाषी हवा. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० संज्ञांचा समावेश झाला आणि त्यात वैद्यकीय संज्ञाही आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवण व वाचा या विषयांत कार्य करीत आहे. दुभाषी जवळ नसेल तर मोबाईलवरील चित्रफोनने लांबच्या दुभाषाची मदत घेता येते.

५. अंध रुग्ण दवाखान्यात

अंध व्यक्तीच्या बाबतीत पहिली चूक म्हणजे तिच्याशी न बोलता तिच्यासोबतच्या माणसाशी बोलणे. 'यांना काय होतंय?' असे तिसऱ्यालाच विचारले जाते. नाव घेऊन तिच्याशीच बोलावे आणि आपण कोण ते सांगावे: 'मी सिस्टर आहे, आता दंडावर इंजेक्शन देणार आहे.' न सांगता सुई टोचणे म्हणजे अंधारात कोणी वार केल्यासारखे होते. खोलीतून जाताना 'मी जाते' असे सांगावे. नाहीतर ती रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते.

चालताना तिला ओढू किंवा ढकलू नये. आपले कोपर पुढे करावे, ती ते धरून अर्धे पाऊल मागून येते. पायरी आली की वर की खाली ते सांगावे. पांढरी काठी तिच्या परवानगीवाचून बाजूला ठेवू नये. दाखल झाल्यावर खाट, स्वच्छतागृह आणि घंटेचे बटण कोठे आहे ते एकदा हात लावून दाखवावे. संमतीपत्र आरंभापासून अखेरपर्यंत वाचून दाखवावे. 'येथे अंगठा करा' एवढे पुरेसे नाही.

औषधांचा प्रश्न तर जिवावर बेतणारा आहे. आमच्या विहारात येणाऱ्या एका वृद्ध आईंची दृष्टी मधुमेहाने गेली. साखरेच्या गोळीची पट्टी त्यांनी बोटांनी ओळखून ठेवली होती. एकदा दुकानदाराने तेच औषध दुसऱ्या कंपनीचे दिले. पट्टीचा आकार निराळा होता. आईंना ती रक्तदाबाची वाटली आणि जुन्या पट्टीतील उरलेल्या गोळीबरोबर त्यांनी तीही घेतली. साखर एकदम उतरून त्या घामाघूम होऊन पडल्या. शेजारणीने साखरपाणी पाजले म्हणून वाचल्या. त्यांची बोटे चुकली नव्हती. बदल झाला, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

युरोपीय संघाने २००४ साली औषधांच्या बाहेरील वेष्टनावर नाव ब्रेलमध्ये असावे, असा नियम केला. आपल्याकडे भारती ब्रेल १९५१ पासून आहे. त्यात मराठी लिहिता-वाचता येते. मात्र उतारवयात दृष्टी गेलेल्या फार थोड्यांना ब्रेल येते, म्हणून घरगुती उपायही हवेत. सकाळच्या गोळ्यांच्या डबीला एक रबर, रात्रीच्या डबीला दोन रबर. गोळ्या डबीत भरणारा माणूस डोळस व एकच असावा. नवी पट्टी आणली की दुकानदाराने तोंडाने नाव सांगावे आणि कंपनी बदलली असेल तर तेही सांगावे. बोलणारे साखरमापक यंत्रही आता मिळते.

६. जे बँकेत झाले ते दवाखान्यात का होऊ नये?

'हे सारे खर्चाचे आहे, व्यवहारात शक्य नाही', असे म्हणणारे भेटतात. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. तेव्हा तेथील अनुभव सांगणे आवश्यक वाटते. एके काळी अंध ग्राहकाला धनादेश पुस्तिका द्यावी की नाही, अशी शंका सर्रास काढली जाई. सही जुळेल का, कोणी फसवील का, अशी काळजीची भाषा असे आणि परिणाम मात्र नकाराचा. २००८ साली रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून सांगितले, की अंध ग्राहकांना धनादेश पुस्तिका, एटीएम, लॉकर इत्यादी सुविधा भेदभाव न करता द्याव्यात. पुढे १ जुलै २०१४ पासून बसविली जाणारी सर्व नवी एटीएम बोलणारी व ब्रेल कळफलकाची असावीत, असा आदेश आला. १ जानेवारी २०२० रोजी नोट ओळखून तिचे मूल्य बोलून सांगणारे 'मनी' हे मोबाईल ॲप रिझर्व्ह बँकेने काढले. आजही उणिवा पुष्कळ आहेत. तरीही अशक्य म्हटलेली गोष्ट नियम, शिक्षण आणि पाठपुरावा यांनी शक्य होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पैशाच्या बाबतीत जे झाले ते प्राणाच्या बाबतीत व्हायलाच हवे.

७. आपण काय करावे

बाबासाहेबांनी दिलेल्या त्रिसूत्रीत शिक्षण पहिले आहे. म्हणून कार्याचा क्रमही तसाच असावा.

(१) प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील अंध, अल्पदृष्टी व कर्णबधिर व्यक्तींची यादी करावी. त्यांचे वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच यूडीआयडी कार्ड, काढून देण्यास कार्यकर्त्यांनी साहाय्य करावे. ४० टक्के व त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला अनेक योजनांना लागतो.

(२) नवजात बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, हे सूत्र प्रत्येक मातेला सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच पालघरमधून झाला. जन्मजात बहिरेपणा व मोतीबिंदू यांची तपासणी त्यात येते.

(३) विद्यार्थ्यांनी सांकेतिक भाषेतील निदान पन्नास शब्द शिकावेत: दुखते, कोठे, केव्हापासून, ताप, रक्त, गोळी, घाबरू नका, बाळ ठीक आहे.

(४) १०८ क्रमांकावर बोलावे लागते. ज्याला बोलता-ऐकता येत नाही त्याच्यासाठी शेजारच्या दोन घरांनी जबाबदारी घ्यावी आणि रात्रीच्या वेळची खूण ठरवून ठेवावी.

(५) जवळच्या आरोग्य केंद्राला लेखी निवेदन द्यावे. केसपेपरवर खूण, क्रमांकाची पाटी, मोठ्या अक्षरांतील फलक, दुभाषाचा संपर्क या चार मागण्या पुरेशा आहेत. दाद न मिळाल्यास पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

(६) पुढील शिबिरात ध्वनिक्षेपकासोबत क्रमांकाची पाटी आपणच प्रथम लावावी.

८. समारोप

उदानात आंधळ्यांची व हत्तीची कथा आहे. ती आपण सर्वांना अंधांच्या चुकीची कथा म्हणून ठाऊक आहे. पण मूळ कथा नीट वाचावी. राजाच्या माणसाने एकाला हत्तीचे डोके दाखविले, दुसऱ्याला कान, तिसऱ्याला सोंड. पूर्ण हत्ती कोणालाच दाखविला नव्हता. भगवंतांनी ही कथा आपलेच खरे म्हणून भांडणाऱ्या परिव्राजकांसाठी सांगितली. आम्हांला तिच्यातून आणखी एक बोध होतो. माणसाला जेवढे दाखवाल तेवढेच त्याला कळेल. आपल्या दवाखान्यांत अंधाला व कर्णबधिराला आजाराचा एक तुकडा सांगितला जातो आणि मग त्याला काही समजत नाही, असा शेरा मारला जातो.

ज्या भगिनीची हकिकत वर आली तिचे बाळ आता शाळेत जाते. गेल्या शिबिरात आम्ही तिला नोंदणीच्या मेजावर बसविले. क्रमांकाची पाटी तिच्याच हाती होती, आणि त्या दिवशी एकही माणूस शेवटच्या खुर्चीवर राहिला नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. महावग्गात सांगितलेल्या रुग्णाच्या व शुश्रूषा करणाऱ्याच्या गुणांपैकी कोणते गुण परस्पर संवादावर अवलंबून आहेत?
२. १९२३ चा बोले ठराव व २०१६ चा अधिनियम यांची तुलना करा. अंमलबजावणी कशाने होते?
३. कर्णबधिर रुग्णाच्या संमतीऐवजी नातेवाइकाची सही घेणे का अयोग्य आहे?
४. आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन पाहा. डोळे मिटून किंवा कानांत बोळे घालून तुम्ही केसपेपरपासून औषधापर्यंत पोहोचू शकाल काय? कोठे अडाल ते लिहून काढा व संस्थेकडे द्या.

नमो बुद्धाय! जय भीम!